एकांत आणि एकाकीपणा : मुंबईविषयक मराठी साहित्याच्या समीक्षेतील एक प्रश्न

महानगरातील जीवन माणसाचे मन रोगट करते, हे विधान मराठी समीक्षेत आता इतके रूढ झाले आहे, की त्याची छाननी करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. मुंबईवरील कोणतीही कादंबरी अथवा कवितासंग्रह घ्यावा; त्याविषयीच्या विवेचनात ‘एकाकीपणा’, ‘तुटलेपण’, ‘परात्मता’ आणि ‘गर्दीतील एकटेपण’ हे चार शब्द बहुधा येतातच. पदव्युत्तर वर्गांतील प्रबंधिकांतूनही हीच शब्दावली दिसते. हे शब्द सर्वस्वी चुकीचे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ते ज्या अनुभवाचे वर्णन करण्यासाठी प्रथम घडविले गेले, तो अनुभव आणि मुंबईविषयक मराठी साहित्यात प्रत्यक्ष व्यक्त झालेला अनुभव, हे दोन्ही एकच आहेत काय, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे. त्यासाठी साहित्यकृतींतील घटनांबरोबरच, किंबहुना त्यांहून अधिक, शब्दांकडे लक्ष द्यावे लागेल.

१

प्रथम या कल्पनेचे मूळ पाहू. महानगर आणि मन यांच्या संबंधाचा आधुनिक विचार ज्या निबंधापासून सुरू झाला असे मानतात, तो गिऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा निबंध इ. स. १९०३ मधील आहे. झिमेल बर्लिनमध्ये जन्मला आणि तेथेच वाढला. महानगरात मनावर क्षणोक्षणी नव्या उत्तेजनांचा मारा होतो. प्रत्येक उत्तेजनाला भावनेने प्रतिसाद द्यावयाचा म्हटले, तर माणूस टिकणार नाही. म्हणून तो भावनेऐवजी बुद्धीने वागू लागतो, हिशेबी होतो, वस्तुवस्तूंतील भेद त्याला जाणवेनासे होतात आणि भोवतालच्या असंख्य परक्यांपासून तो स्वतःला राखून ठेवतो. झिमेलच्या प्रतिपादनाचा हा सारांश होय. पुढे १९३८ मध्ये लुई वर्थ याने शिकागो नगर डोळ्यांसमोर ठेवून लोकसंख्येचा आकार, तिची दाटी आणि तिच्यातील विविधता या तीन घटकांवरून नागरी जीवनपद्धतीचे स्वरूप मांडले. नगरात माणसे पुष्कळ भेटतात. पण ती संपूर्ण माणूस म्हणून भेटत नाहीत. विक्रेता, कारकून किंवा सहप्रवासी अशा एकेका तुकड्यानेच ती भेटतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

या दोन्ही विचारांत एक गोष्ट समान आहे. नगरातील माणसाला ज्यांच्यापासून मन राखावे लागते, ती माणसे अनोळखी आहेत. रस्ता, दुकान, कचेरी आणि आगगाडीचा डबा ही या मनोव्यापाराची स्थाने होत. दार लावून घेतले, की त्याच्यामागे माणसाची स्वतःची जागा आहे, हे झिमेल आणि वर्थ यांच्या मांडणीत उघडपणे सांगितलेले नसले, तरी गृहीत धरल्यासारखे आहे.

मराठीत ही शब्दावली स्थिरावण्यास बा. सी. मर्ढेकर यांची कविता बऱ्याच अंशी निमित्त झाली. ‘काही कविता’ १९४७ मध्ये आणि ‘आणखी काही कविता’ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पिंपातील मेलेले उंदीर, यंत्राच्या तालावर चालणारी माणसे आणि गर्दीत हरवलेले व्यक्तित्व या त्यांच्या प्रतिमा इतक्या प्रभावी ठरल्या, की मुंबई म्हणजे यंत्र आणि मुंबईकर म्हणजे त्या यंत्राने चिरडलेला एकाकी जीव, हे समीकरण पुढील समीक्षेत पक्के झाले. त्यानंतर युरोपीय अस्तित्ववादाची आणि मार्क्सवादी विचारातील परात्मतेची परिभाषा आली. तिला हे समीकरण आयतेच मिळाले.

मर्ढेकरांची कविता ज्या काळात लिहिली गेली, त्या काळात मुंबईत प्रत्यक्ष काय घडत होते, याचे स्मरण मात्र समीक्षेने क्वचितच ठेवले. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत बृहन्मुंबईच्या क्षेत्रातील लोकसंख्या सुमारे १८ लाखांवरून सुमारे ३० लाखांवर गेली. युद्धकाळातील स्थलांतर आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित ही त्याची दोन ठळक कारणे होती. घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. म्हणजे ज्या दशकात आपल्या कवितेत ‘एकाकी’ माणूस अवतरला, त्याच दशकात या शहरातील सामान्य माणसाला एकटे राहण्यास जागा उरली नव्हती. ही विसंगती लहान नाही, आणि आपला प्रश्न येथूनच सुरू होतो.

२

महानगर आणि मनोविकार यांच्या संबंधाविषयी वैद्यकशास्त्र आणि समाजशास्त्र काय सांगतात, याचाही थोडक्यात विचार केला पाहिजे. कारण साहित्यसमीक्षेतील विधाने पुष्कळदा त्यांच्या आधाराचा आभास निर्माण करतात. १९३९ मध्ये फॅरिस आणि डनहॅम यांनी शिकागोतील मनोरुग्णांच्या नोंदींवरून असे दाखविले, की छिन्नमनस्कतेचे रुग्ण नगराच्या मध्यवर्ती, दरिद्री भागांतून अधिक येतात आणि बाहेरच्या उपनगरांकडे जावे तसतसे त्यांचे प्रमाण घटते. त्यावर लगेच प्रश्न उपस्थित झाला, की त्या वस्तीने माणसे आजारी होतात, की आजारी माणसेच घसरत घसरत त्या वस्तीत येऊन पोहोचतात? हा वाद दीर्घकाळ चालला. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या २००१ मधील एका अभ्यासाने जन्म आणि बालपण कोठे गेले यावर भर दिला. नगरात जितकी वर्षे वाढावे तितका छिन्नमनस्कतेचा धोका वाढलेला आढळतो, असे त्यात दिसून आले. त्यामुळे ‘घसरत येण्या’चा युक्तिवाद दुबळा झाला, तरी नगरातील नेमकी कोणती गोष्ट बाधक ठरते, याचा उलगडा त्याने झाला नाही.

भारतापुरते पाहावयाचे, तर २०१५–१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत प्रौढांमधील तत्कालीन मनोविकारांचे एकूण प्रमाण शेकडा १०.६ आढळले. ग्रामीण भागात ते सुमारे ६.९, महानगरे सोडून इतर नागरी भागात सुमारे ९.७ आणि महानगरांत सुमारे १४.७ होते. हे आकडे बोलके आहेत. परंतु ही पाहणी १२ राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे ‘महानगरांत प्रमाण दुपटीहून अधिक’ हे वाक्य मुंबईच्या संदर्भात उद्धृत करताना, त्यात मुंबई मोजलेलीच नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा पाहण्या प्रश्नावलीच्या आधारे होतात, आणि प्रश्नावली स्थानिक भाषेत भाषांतरित करावी लागते. ‘आपणांस उदास वाटते काय?’ हा प्रश्न वरवर निर्दोष दिसतो. परंतु ‘उदास’ हा शब्द मराठी संतवाङ्मयात विरक्त, अनासक्त अशा अर्थाने येतो आणि तेथे तो दोष नसून गुण आहे. आजच्या बोलीत त्याचा अर्थ खिन्न असा झाला आहे. आणि त्याचाच सख्खा नातेवाईक ‘उदासीन’ हा शब्द बेफिकीर, तटस्थ या अर्थाने चालतो. झिमेलच्या महानगरवासीयाचे वर्णन मराठीत करताना आपण त्याला ‘उदासीन’ म्हणतो, आणि वाचक ते ‘उदास’ असे ऐकतो. बधिर झालेला माणूस आणि दुःखी माणूस यांतील अंतर अशा रीतीने एका प्रत्ययाच्या घोटाळ्यात नाहीसे होते. जेथे शब्दच असे निसरडे आहेत, तेथे परिभाषा उसनी घेताना अधिक सावध राहणे आवश्यक आहे.

३

आता मुंबईच्या मराठीकडे वळू. या बोलीत निवासासाठी तीन शब्द आहेत, आणि त्यांची वाटणी मोठी उद्बोधक आहे. ‘घर’ गावाला असते. मुंबईत ‘खोली’ असते. आणि जी मिळत नाही म्हणून आयुष्य झिजते ती ‘जागा’. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या चाकरमान्याची दुसरी, तिसरी पिढी मुंबईत जन्मली, तरी ‘गावाला आमचं घर आहे, इथं खोली आहे’ ही वाक्यरचना टिकून राहिलेली ऐकू येते. ‘जागा’ या शब्दाचा सामान्य अर्थ अवकाश असा आहे. मुंबईत तो संकोचून राहण्याच्या खोलीपुरता उरला, यातच त्या शहराचा इतिहास आला. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट होते. अशा एका खोलीत एक कुटुंब, आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला गावाहून आलेले पाहुणे किंवा भाडोत्री राहत असत. भाऊ पाध्ये यांच्या एका कादंबरीचे शीर्षक ‘वैतागवाडी’ असे आहे, आणि तिचा विषय मुंबईतील हाच जागेचा प्रश्न आहे. तेथे ‘वैताग’ हा मनोवाचक शब्द आणि ‘वाडी’ हा स्थलवाचक शब्द यांचा समास झाला आहे. मनाची अवस्था आणि वस्तीचे नाव ही एकच गोष्ट होय, असे ते शीर्षक सांगते.

या पार्श्वभूमीवर ‘एकांत’ आणि ‘एकाकीपणा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंच्याही मुळाशी ‘एक’ आहे; पण मराठीत त्यांची वागणूक अगदी वेगळी आहे. एकांत ‘मिळतो’, ‘लाभतो’, ‘साधावा’ लागतो. एकाकीपणा ‘जाणवतो’, ‘खातो’, ‘छळतो’. एकांत ही स्थळकाळाची अवस्था आहे, तर एकाकीपणा ही मनाची. एकांत सहसा काही कारणासाठी हवा असतो: ध्यानासाठी, अभ्यासासाठी, रडण्यासाठी, नवराबायकोच्या बोलण्यासाठी. मुंबईच्या चाळीतील माणसाला प्रथम जे नाकारले गेले, ते एकांत होय. समीक्षेने त्याच्या ठायी जे शोधले, ते मात्र एकाकीपण.

या दोहोंचा संबंध नाही, असे नव्हे. एकांत नसल्यामुळेही माणूस एकाकी होऊ शकतो. ज्या खोलीत आठ माणसे आहेत, त्या खोलीत मनातले बोलता येत नाही. बोलले तर ते आठही जण ऐकतात, आणि पातळ भिंतीपलीकडचे आणखी आठ जण ऐकतात. म्हणून माणूस बोलत नाही. परंतु ही प्रक्रिया झिमेलने वर्णिलेल्या प्रक्रियेच्या नेमकी उलट आहे. बर्लिनचा नागरिक अनोळखी माणसांपासून मन राखतो. चाळीतील माणूस अतिपरिचितांपासून राखतो. तेथील मौन रस्त्यावरचे आहे, येथील मौन घरातले आहे. या भेदाकडे दुर्लक्ष करून दोहोंनाही ‘परात्मता’ हे एकच नाव देणे, म्हणजे रोगाची लक्षणे सारखी दिसली म्हणून कारणही एकच मानण्यासारखे आहे.

मनोव्यथेच्या व्याकरणाकडेही पाहिले पाहिजे. मराठीत भावना व्यक्त करणाऱ्या कितीतरी रचनांत अनुभव घेणारा माणूस प्रथमेत नसून चतुर्थीत असतो. ‘मला कंटाळा आला’, ‘तिला भीती वाटते’, ‘त्याला झोप लागत नाही’. कंटाळा, भीती, झोप ही येतात, वाटतात, लागतात. माणूस हे त्यांचे येण्याचे ठिकाण. ‘मी कंटाळलो’, ‘मी वैतागलो’ अशा रचनाही आहेत. परंतु त्याही माणसाला घडणाऱ्या गोष्टी सांगतात, माणसाने हेतुपूर्वक केलेल्या नव्हेत. ‘जीव कोंडतो’, ‘जीव घुसमटतो’, ‘डोके उठते’ या वाक्प्रचारांत तर व्यथा थेट शरीराशी आणि अवकाशाशी जोडली आहे. कोंडण्यासाठी खोली लागते आणि घुसमटण्यासाठी हवेचा अभाव लागतो. बोलणाऱ्याच्या भाषेने कारणाकडे असे बोट दाखविलेले असते.

गेल्या काही दशकांत या रचनांत ‘टेन्शन’ हा शब्द सामील झाला. तो परका असला, तरी त्याने मराठीची क्रियापदे निमूटपणे स्वीकारली: टेन्शन येते, टेन्शन असते, कोणी टेन्शन देतो. यांतील पहिल्या दोन रचना वर सांगितलेल्या चतुर्थीच्या साच्यातील आहेत. परंतु सर्वांत अधिक ऐकू येणारी रचना यांहून वेगळी आहे, ती म्हणजे ‘टेन्शन घेऊ नकोस’. ‘धसका घेणे’, ‘मनाला लावून घेणे’ असे प्रयोग मराठीत पूर्वीही होते. म्हणून ‘घेणे’ हे क्रियापद येथे नवे नाही. नवा आहे तो त्याच्या आज्ञार्थी, निषेधार्थी रूपाचा सर्रास वापर. ज्याला व्यथा ‘आली’ होती, त्याने ती ‘घेतली’ असे ठरते, आणि घेतली असेल तर ती टाकून देणे हेही त्याचेच काम ठरते. पाणी रात्री दोन वाजता येते, गाडीत उभे राहावयास जागा नाही, गिरणी बंद पडली आहे. तरीही टेन्शन घ्यावयाचे नाही. सांत्वनासाठी उच्चारलेल्या या वाक्याने व्यथेचे कर्तृत्व परिस्थितीकडून काढून माणसाकडे सोपविले जाते.

येथे एक नाजूक साम्य नोंदवावेसे वाटते. ‘नायक महानगरीय परात्मतेने ग्रस्त आहे’ असे जेव्हा समीक्षक लिहितो, तेव्हा तोही, अधिक भारदस्त शब्दांत, हेच करीत असतो. व्यथा खोलीतून, नळावरून, भोंग्यावरून उचलली जाते आणि नायकाच्या अंतःकरणात ठेवली जाते. दोन्ही रचनांत शहर मोकळे सुटते.

४

ही भूमिका काही प्रसिद्ध कृतींच्या आधारे पडताळून पाहू.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची आणि भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. दोहोंतही तरुण निवेदक आहेत, दोहोंतही प्रतिष्ठित भाषेविरुद्ध बंड आहे, आणि समीक्षेत दोन्ही कृती ‘साठोत्तरी परात्म तरुणा’च्या सदरात जोडीने येतात. परंतु पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकावयास येतो तो खानदेशातील खात्यापित्या घरातून. वसतिगृहातील खोली, मेस, मित्र आणि निरर्थक वाटणारे शिक्षण यांत त्याचा जीव रमत नाही; आणि अखेर तो गावी परततो. त्याच्या निवेदनातील ‘वगैरे’ हा शब्द बहुचर्चित आहे. सांगण्यासारखे उरले असूनही सांगण्यात अर्थ नाही, असे तो शब्द सुचवितो. येथे ‘तुटलेपण’ हा शब्द बऱ्याच प्रमाणात लागू पडतो. विशेष म्हणजे गावी परतल्यामुळे सांगवीकराची अस्वस्थता संपत नाही. म्हणून ती केवळ शहराने निर्माण केली, असेही म्हणता येत नाही.

‘वासूनाका’तील पोक्या आणि त्याचे सोबती यांना परतण्यासाठी गाव नाही. नाका हीच त्यांची जागा. त्या कादंबरीवर अश्लीलतेच्या आक्षेपांचे वादळ उठले, आणि चर्चा भाषेच्या सभ्यासभ्यतेत अडकून पडली. नाक्यावरची ही भाषा घरात बोलता येत नाही, आणि घरात बोलण्यासारखी अन्य भाषा या मुलांना उपलब्ध झालेली नाही, ही खरी लक्षणीय गोष्ट मागे राहिली. पोक्याच्या बोलीत इतरांची टवाळी करण्यासाठी अमाप शब्द आहेत. स्वतःच्या दुःखासाठी जवळजवळ नाहीत. घोळक्यात दुःख बोलता येत नाही, कारण घोळका हसतो. आणि घोळक्याबाहेर उभे राहण्यास जागा नाही. सांगवीकराला एकांत आहे आणि तो त्याला पेलत नाही. पोक्याला एकांत कधी मिळालेलाच नाही. या दोघांना एकाच शब्दाने संबोधणाऱ्या समीक्षेने दोघांपैकी निदान एकाचे म्हणणे ऐकलेले नसते.

याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाकडे पाहावे. विनोदी म्हणून मनोव्यथेच्या चर्चेतून ते सहसा वगळले जाते. परंतु आपल्या प्रश्नासाठी ते महत्त्वाचा साक्षीदार आहे. तेथेही दाटी आहे, भिंतींना कान आहेत, खासगी असे काही नाही. तरीही ती दाटी आजाराची नाही. माणसे परस्परांना सहन करतात, चिडवितात आणि सांभाळतात. शेवटच्या ‘एक चिंतन’ या प्रकरणात हास्याचा स्वर ओसरतो आणि ते चाळकरी जीवन सरत चालल्याची हळहळ पुढे येते. यावरून एवढे निश्चित होते, की केवळ दाटी म्हणजे मनोव्यथा, असे सोपे समीकरण उलट दिशेनेही मांडता येणार नाही. या चाळीतील कुटुंबांना नोकरीचा, पगाराच्या तारखेचा आणि सणावाराच्या क्रमाचा आधार आहे. तो आधार असेपर्यंत अतिपरिचयाचे ओझे सुसह्य होते.

तो आधार निघून गेल्यावर काय होते, हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे उभे राहिले नाही. नाटकातील कुटुंब त्या मोडलेल्या गिरणगावातले आहे. आई आहे, लेखक होऊ पाहणारा मुलगा आहे, बेकार मुलगा आहे, गुंडगिरीकडे वळलेला मुलगा आहे, मुलगी आहे. सर्वजण एका खोलीत आहेत. खोली तीच आहे, माणसेही तितकीच. ‘बटाट्याच्या चाळी’त जे सोबत वाटले, ते येथे एकमेकांच्या अंगावर येते. शीर्षकाचा शब्दही पाहावा. ‘अधांतर’ हा मनोवाचक शब्दच नव्हे. पायाखाली आधार नसलेल्या स्थितीचे ते नाव आहे. नाटककाराने आपल्या पात्रांची अवस्था सांगण्यासाठी परात्म, विफल, एकाकी यांपैकी एकही शब्द निवडला नाही. जमिनीशी असलेल्या संबंधाचा शब्द निवडला.

आणि खरोखरीचा एकाकीपणा? तोही आपल्या साहित्यात आहे, पण तो अन्यत्र आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात मुले दूर गेल्यामुळे मागे राहिलेले वृद्ध दांपत्य आहे. तेथे जागा आहे, दार लावून घेता येते, एकांत हवा तितका आहे. बोलावयास माणूस नाही. महानगराच्या मध्यमवर्गीय जीवनाच्या एका पुढच्या टप्प्याची ही व्यथा आहे. तिला एकाकीपणा म्हणणे यथार्थ आहे, कारण शब्द आणि अवस्था यांचा तेथे मेळ बसतो. चाळीतून सदनिकेत गेलेल्या कुटुंबांनी एकांत मिळविला आणि पुष्कळदा त्यासाठी एकाकीपणाची किंमत दिली. हा इतिहास सांगावयाचा असेल, तर दोन शब्द वेगळे ठेवल्याखेरीज तो सांगताच येणार नाही.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की साहित्यकृती म्हणजे रुग्णाची नोंदवही नव्हे. तिच्यातील शब्दांवरून मनोविकारांची कारणे ठरविणे अशास्त्रीय आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. कोणत्या माणसाला कोणता विकार कशाने झाला, हे ठरविण्याचा अधिकार समीक्षेला नाही, आणि भाषाशास्त्रालाही नाही. परंतु हे बंधन दोन्ही बाजूंना लागू होते. खोलीमुळे व्यथा झाली असे सिद्ध करता येत नसेल, तर ती ‘आधुनिक माणसाच्या अटळ नियती’मुळे झाली, हेही सिद्ध करता येत नाही. कृतीतील माणसे आपल्या व्यथेला कोणते नाव देतात, एवढे मात्र वाचता येते, आणि ते वाचणे हे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप असा, की परिभाषा नेहमीच सामान्यीकरण करते. ‘परात्मता’ हा व्यापक शब्द असून त्यात हे सारे भेद सामावू शकतात. तत्त्वतः हे खरे आहे. मार्क्सच्या विचारात तर हा शब्द श्रमाशी, म्हणजे अगदी ठोस परिस्थितीशी बांधलेला होता. मराठी समीक्षेच्या व्यवहारात मात्र तो हळूहळू एका भाववाचक मनःस्थितीचे नाव बनला. भाववाचक नामाची अडचण अशी, की त्याला ‘कोठे?’ आणि ‘कशामुळे?’ हे प्रश्न विचारता येत नाहीत. ‘जीव कोंडतो’ असे कोणी म्हटले, तर आपण सहज विचारतो, ‘कोठे? का?’ ‘तो परात्म आहे’ असे म्हटल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही.

ही केवळ परिभाषेची चर्चा नव्हे. आपल्याकडे वेडाला अजूनही स्थळांची नावे आहेत. मुंबईकर ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो, पुणेकर ‘येरवड्याला’ म्हणतो, आणि दोघांनाही त्या गावांतील मनोरुग्णालये अभिप्रेत असतात. अलीकडे ‘तो डिप्रेशनमध्ये गेला’ असा प्रयोग रूढ झाला आहे; त्यातही आजार म्हणजे माणूस निघून जातो असे एक दूरचे ठिकाण आहे. ज्या ठिकाणी तो राहतो, त्याचा उल्लेख या प्रयोगांत येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क मान्य केला. पण हक्क मागण्यासाठी प्रथम व्यथा सांगता यावी लागते, आणि ती ऐकणाऱ्याला तिचे शब्द कळावे लागतात. वर उल्लेखिलेल्या कृतींत असे शब्द आहेत: कोंडणे, घुसमटणे, वैताग, अधांतर. समीक्षेने त्यांच्या जागी अधिक प्रतिष्ठित शब्द बसविले, आणि वाचकाला मूळ शब्द ऐकू येणे अवघड केले.

म्हणून महानगरीय साहित्यावर प्रबंधलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांस एक साधी सूचना करावीशी वाटते. पात्राच्या मनोव्यथेला परिभाषेतील नाव देण्यापूर्वी तीन गोष्टी कृतीतून टिपून घ्याव्यात. ही व्यथा कोणत्या जागेत घडते, आणि त्या जागेत आणखी किती माणसे आहेत? पात्र स्वतः तिच्यासाठी कोणता शब्द वापरते, की शब्दच वापरीत नाही? आणि ती व्यथा कृतीत कोणाजवळ बोलली जाते: घरातल्या माणसाजवळ, नाक्यावरच्या सोबत्याजवळ, गाडीतल्या सहप्रवाशाजवळ, की कोणाजवळच नाही? या तीन नोंदी हाती आल्यावर ‘परात्मता’ हा शब्द काही कृतींस यथार्थपणे लागू पडेल, आणि तेथे तो अवश्य वापरावा. पुष्कळ कृतींस तो लागू पडणार नाही. त्या ठिकाणी कोणता शब्द योजावा, याचे उत्तर बहुधा त्या कृतीच्याच पानांत मिळेल. नाहीच मिळाले, तर पात्राजवळ शब्द नव्हता, ही नोंदही प्रबंधात करण्याजोगी आहे.